थायरॉइड म्हणायचं ठरलं

४ जून
काकूच्या मोबाइलवरून अण्णांना फोन लावला, केळीच्या बागेत होते. मोटार बंद करायला सांगायचं होतं. "कोन बोलून राहिले भाऊ?" म्हणाले. मी म्हटलं, मी, वैशू. "हां हां. रेंज न्हाई बघ इथं." रेंज होती. माझाच बाप, पण बिचाऱ्याला दुसरं काय सुचणार.

स्पर्धा होऊन महिना झाला, सुया बंद होऊनही महिनाच. सर (गोळाफेकीचे) म्हणाले होते की बंद केलं की आवाज आपोआप वर येतो. आला नाही. ते त्या सुयांना 'रिकव्हरी' म्हणायचे. मीही तेच म्हणत आले. स्टेरॉइड हा शब्द आज पहिल्यांदा लिहिते आहे. लिहिला. काही झालं नाही.
पाळी: नाही.

९ जून
आईने पकडलं. म्हणजे इतकंच विचारलं की दोन-तीन महिन्यांत तू दुकानातून पॅड काहून आणले न्हाईत. लगेच डॉक्टरकाकांकडे. हे नात्याने काका नाहीत, अण्णांच्या वर्गातले. सगळं डोंगरकडा गाव त्यांना काकाच म्हणतं.

काकांनी बॅटरी लावून घसा बघितला. वजन, केस, तोंडावरच्या पुटकुळ्या, सगळं विचारलं. कुठली औषधं चालू आहेत का? शेजारी आई आणि समोर अण्णांचे मित्र. नाही म्हटलं. खोटं बोलताना काहीतरी व्हायला पाहिजे होतं. नाही झालं. हल्ली काहीच होत नाही. परवा काकूच्या हातून माझं पदक चुलीमागे पडलं, तेही उचलावंसं वाटलं नाही.
कळमनुरीला लॅबमध्ये रक्त देऊन आले. थायरॉइड आणि हॉर्मोनचं.

१२ जून
रिपोर्ट आला. टी३ आणि टी४ कमी, दोन्हीपुढे खाली जाणारा बाण. टीएसएच मात्र बरोबर मध्यात. खालच्या पानावर पाळी चालवणारे एलएच आणि एफएसएच तळाला. टेस्टोस्टेरॉनही, म्हणजे पुरुषी हॉर्मोनही, कमी. हे शेवटचं वाचून मला हसू यायला हवं होतं.

काकांनी बाणांवर बोट ठेवलं. थायरॉइड. आवाज जाड, पाळी बंद, कशात मन नाही, सगळं जुळतं म्हणाले. थायरॉइड कमी पडला तर टीएसएच वाढायला हवा, तो नॉर्मल कसा, यावर जरा डोकं खाजवलं. मग म्हणाले, महिन्याने परत करू आणि मग गोळी ठरवू. खालच्या पानाकडे बघितलंच नाही त्यांनी. थायरॉइडमुळे बाकीचंही हलतं म्हणे.

घरात सगळ्यांना हायसं वाटलं. काकू तर खूशच, "मला बी हायच की." आमच्या गल्लीत अर्ध्या बायकांना आहे, म्हणजे तशी मी आता बिरादरीत आले. अण्णा म्हणाले, गोळीनं बरं व्हतं ना, मग झालं. सरांना फोन केला तर तेही खूश. "बेस्ट. थायरॉइडच म्हणायचं. आणि ते कागद कोणाला दाखवत बसू नको."
एवढ्या लोकांचं कधी कशावर एकमत झालेलं आठवत नाही. आई तेवढी त्यात नव्हती. रात्री गूळ-ओव्याचा काढा करून दिला.

१३ जून
काकूने तिच्या पाकिटातली एक गोळी सकाळी उपाशीपोटी हातावर ठेवली. शंभर मायक्रोग्रॅमची. महिनाभर काहून थांबायचं, एकच रोग अन् एकच गोळी, रोज घेत जाय. आमच्या घरात हे चालतंच. वाचायचा चष्मा एकच आहे, ज्याला पेपर वाचायचा त्याने लावायचा. अण्णांची बीपीची गोळी आमचे सख्खे काका लग्नाकार्यात मागून घेतात, मटण खाल्लं की.
घेतली. मला थायरॉइड नाही हे मला माहीत आहे. पण गोळी घेतली की खोटं जरा कमी खोटं वाटतं.

१९ जून
आज गुरुवार, देवळात बायकांचं भजन. आई पुढे बसून म्हणते, पेटीवर लक्ष्मीमावशी, आम्ही मागच्या ओळीत. आईने ओळ सोडली की आम्ही धरायची. सहावीत होते तेव्हापासून मी आईच्या पाठीमागे बसते. तिच्या मानेवरचा तीळ बघत बघतच मला सगळी भजनं पाठ झाली.
पेटीची पट्टी काळी चार, उंच. पूर्वी मी तिथे सहज जायचे. आज नुसते ओठ हलवले, तीन-चार महिने हेच चालू आहे. शेजारी काकू एवढ्या मोठ्याने म्हणते की कोणाला कळायचा प्रश्नच नाही.
घरी येताना आई एकदम म्हणाली, आज मागून एक आवाज कमी होता. मी म्हटलं, थायरॉइड.

२८ जून
झोप नाही. बसल्या बसल्या छातीत धडधड, घाम. मैदानावर गोळा मानेपाशी धरला तर बोटं थरथरत होती. गोळा सुटून पायाशी पडला. सर म्हणाले, मन लावून कर. मन कशाला लावायचं तेच कळत नाही, पण हे त्यांना काय सांगणार. जेवताना वरणाची वाटी हातात नुसती नाचत होती. आई बघत होती. मी वाटी खाली ठेवून जेवले.
वजन उतरलं. काकू म्हणते, गोळी लागू पडली.
पाळी: नाही.

११ जुलै
दुसरा रिपोर्ट. आता टीएसएच तळाला आणि टी४ वरच्या टोकाला. काका दोन्ही कागद आलटून पालटून बघत होते. मागं कमी होतं, आता जास्त कसं झालं? गोळी तर मी अजून दिलीच नाही. लॅबवाल्यांची मशीन बिघडली असेल म्हणाले, मग तेही पटेना. शेवटी चहाला म्हणून आमच्याच घरी आले, अण्णांशी बोलायला. काकूने चहा आणला, बिस्किटं आणली, आणि मान खाली घालून आत गेली. काका मशीनला नावं ठेवत होते. मी बिस्किट खात होते.
नांदेडच्या एका हॉर्मोनच्या डॉक्टरबाईंचं नाव लिहून दिलं. आई येणार आहे बरोबर.

२२ जुलै
नांदेड. तीन तास बाकावर.

डॉक्टरबाई बारीक, चष्मेवाल्या, कमी बोलतात. दोन्ही रिपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि खूप वेळ वाचले, दुसरं पानसुद्धा. पहिल्यांदा कोणीतरी दुसरं पान वाचत होतं, आणि मला पळून जावंसं वाटलं.

त्यांनी आधी आईलाच विचारलं, हिला थायरॉइडची गोळी कोण देतंय? आई म्हणाली, "माझ्या जावंची हाय. तिनं मायेनंच दिली." डॉक्टर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, आजपासून बंद. हिचं थायरॉइड चांगलं होतं, आहे. पहिल्या रिपोर्टात टी४ कमी दिसला कारण तो रक्तात एका प्रोटीनवर बसून फिरतो, आणि ते प्रोटीनच कमी झालं होतं. एसटीतल्या सीटा कमी झाल्या म्हणून गावातली माणसं कमी होत नाहीत. म्हणून तर टीएसएच गप्प होता. सुटा टी४ मोजला असता तर तेव्हाच कळलं असतं. आणि आताची ही धडधड-थरथर सगळी त्या शंभरच्या गोळीची.

मग मला म्हणाल्या, पण ते प्रोटीन कमी कशाने झालं? आणि एलएच, एफएसएच दोन्ही झोपलेत, टेस्टोस्टेरॉन कमी आहे, तरी आवाज एवढा उतरलाय. आवाज उतरवणारं काहीतरी शरीरात होतं, ते या तपासणीत दिसत नाही. दिसणारही नाही. तुम्ही सांगितलंत तरच मला हे वाचता येईल.
आईला बाहेर बसायला सांगितलं.

सांगितलं. खेळ, सर, सुया, दिवाळीनंतर सुरू, मेमध्ये बंद. त्या बंद खोलीत माझा आवाज फार मोठा वाटला, जणू तिसरंच कोणी माणूस माझी तक्रार सांगत होतं. बाई चकित झाल्या नाहीत. त्याचं बरं वाटलं. एवढंच विचारलं की ते आणखी कोणाला देतात का. मी म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नाही, मी कधी विचारलं नाही.

पाळी येईल म्हणाल्या, बहुतेक येते, पण काही महिने लागतील, घाई करायची नाही. उदास वाटणं, काहीच न वाटणं, हेही त्यातलंच, तेही हळूहळू निघेल. नाही निघालं तर लगेच यायचं.
"आन आवाज?"
चष्मा काढला त्यांनी. "गळ्यातल्या पट्ट्या एकदा जाड झाल्या की पुन्हा पहिल्यासारख्या होत नाहीत. थोडा फरक पडेलही. पण परत येईल असं मी तुम्हाला सांगणार नाही."
मी विचारलं, गोळी काही? नाही म्हणाल्या.

बाहेर आईने विचारलं, काय म्हनली? थायरॉइड न्हाई म्हणे. मग काय हाय? म्हटलं, एसटीत सांगते. एसटीत बसायला जागा मिळाली नाही. दोघी दोन टोकांना लोंबकळत आलो.

२५ जुलै
गोळी बंद केली म्हणून काकूचं तोंड फुगलं आहे. नांदेडची डॉक्टर लई शहाणी, म्हणते. डॉक्टरकाकांनाही फार नाही सांगितलं, मशीनवरच ढकललं. गल्लीत अजून थायरॉइडच चालू आहे. किराणा दुकानात एकीने मला कोबी खाऊ नको म्हणून बजावलं.
सरांचा फोन. सप्टेंबरपासून परत सुरू करू, या वेळी कमी करू, आवाजाची काळजी नको, निवड झाली की खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी पक्की, मग आवाज कोण बघतो. मी बरं म्हटलं. बरं म्हणायची सवयच लागली आहे. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मी काय म्हणाले.
मैदानावर गेले नाही.

२ ऑगस्ट
आईबरोबर बागेत. श्रावणाचं, पूजेला पानं लागतात, गल्लीतल्या चार घरची आमच्याकडूनच जातात. ती विळ्याने पान कापत होती, मी गोळा करत होते. तिने मागे न बघता विषय काढला.

"काढा देऊन राहिले मी दोन महिने. ओवा झाला, हळद झाली. बसलेला गळा घरघर करतो, फाटतो. तुझा फाटत न्हाई. खाली गेलाय, पन साफ हाय. हे दुखनं न्हाई, वैशू. काय केलंस?"

सांगितलं. तिच्या पाठीला सांगितलं, त्यामुळे सोपं गेलं.
"तुला ठाऊक व्हतं?"
"आधी न्हाई. मग कळलं."
"कळलं तरी घेतलंस?"
"गोळा लांब जाऊन राहिला होता."

हेच खरं आहे. दुसरं काही शोभेल असं सांगावं म्हणून शोधलं, सापडलं नाही. त्या हिवाळ्यात गोळा हातातून असा जायचा की मागे वळून बघावं, कोणी दुसऱ्याने तर नाही फेकला. तेव्हा वाटलं होतं, एवढंसं आवाजाचं काय, मी काय गाणारी आहे का.

गाणारी आई होती. ती बांधावर बसली. परत येतोय का आवाज, विचारलं. न्हाई म्हणतात, म्हटलं. विळा मांडीवर ठेवून तिने पानावरची धूळ पदराने पुसायला घेतली. एकच पान, परत परत. तिने मला दोन थोबाडीत द्याव्यात असं फार वाटलं. दिल्या नाहीत. "अण्णाला मी सांगीन. तू मधी बोलू नको," एवढंच म्हणाली. मग पानं डोक्यावर घेऊन घरी आलो. माझ्या डोक्यावर जास्त होती, मला पेलतात.

६ ऑगस्ट
अण्णा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आज आईमार्फत विचारलं, जिवाला काही हाय का. नाही म्हटलं. मग जेवताना ताटाकडे बघत म्हणाले, आपून थायरॉइडच म्हनू. पोरीच्या जातीला उगं बोभाटा नको. काकूने मान डोलावली. तिला आता सगळं कळलं आहे, आणि तिने माझ्या ताटात न मागता तूप वाढलं.
आईने 'हो' म्हटलं नाही, 'नाही'ही म्हटलं नाही.
अण्णा वाईट नाहीत. पण उद्या माझं लग्न जमवताना त्या लोकांनाही थायरॉइडच सांगणार का, हे विचारायचं राहिलं. विचारलं असतं तर तोंड उघडावं लागलं असतं, आणि माझं तोंड उघडलं की ते दचकतात. कळतं मला.

१८ ऑगस्ट
तिसरा रिपोर्ट. टीएसएच मध्यात आला, सुटा टी४ चांगला. म्हणजे थायरॉइडच्या बाबतीत मी गल्लीतली सगळ्यात धडधाकट बाई. एलएच आणि एफएसएच जरा हलले आहेत, अजून खालीच. डॉक्टरबाई फोनवर म्हणाल्या, जाग यायला लागली आहे, दोन महिन्यांनी परत बघू.
पलीकडून त्यांच्या दवाखान्यातल्या बाईने आधी फोन घेतला होता. "कोण बोलतंय, पेशंटचा भाऊ का?" पेशंट, म्हटलं.
सरांचे दोन फोन आले. उचलले नाहीत. काय सांगायचं ते ठरलेलं नाही. 'नाही' म्हणायचं आहे, पण त्यांनी नोकरीचं नाव काढलं की मी बरं म्हणेन अशी मला भीती वाटते. बऱ्याच दिवसांनी भीती वाटली.
पाळी: नाही.

२१ ऑगस्ट
आज भजन. उद्या पोळा, म्हणून बायका कमी असतील असं वाटलं होतं, पण देऊळ भरलेलं. मी नेहमीच्या जागेवर, आईच्या मागे, तीळ समोर. ओठ हलवायची तयारी.

लक्ष्मीमावशीने पेटी उघडली आणि काळी चार दाबली. आई म्हणाली, "आज काळी एक धर."
"आगं ती बाप्यांची पट्टी हाय."
"धर तर."

मावशीने धरली. आईने सुरुवात केली. आईचा आवाज वर राहणारा, तो तिथे खाली पोचेचना. ओळ संपता संपता तर नुसती हवा आली. मागच्या ओळीने कशीबशी उचलली, दोघी-तिघी खोकल्या, पुढची एक जण हसली. काकू अर्ध्यातच थांबली, आणि काकू थांबली की सगळंच थांबतं. कोणीतरी विचारलं, गळा बसला का वो तुमचा?

आई वळली नाही. पेटीकडे बघत म्हणाली, "माझा न्हाई. माझ्या पोरीचा गळा आता असा हाय. थायरॉइड न्हाई तिला. सुयांनी गेलाय, परत येनार न्हाई. सहावीपासून ती माझ्या मागं धरती, मग पट्टी तिची धरा."

काकू पदर सारखा करत होती. अण्णांपर्यंत हे पोचायला किती वेळ लागेल, एवढाच हिशेब माझ्या डोक्यात चालू होता. मावशीचा हात भात्यावर तसाच, सूर चालू. आईने तीच ओळ परत म्हटली, त्याच खालच्या पट्टीत, तशीच तुटत तुटत, आणि जिथे आम्ही धरायची तिथे ती थांबली.

मी धरलं.
पहिला शब्द जरा सांडला. दुसरा नाही. देवळात तो आवाज खांबांना लागून परत येत होता. माझाच होता. बाकीच्या कोणी धरलं की नाही ते ऐकू आलं नाही. आईची मान हलत होती ठेक्यावर.

घरी आलो. अण्णा अंगणात बैलांच्या शिंगांना रंग लावत होते, अजून कळलं नसेल. मी जेवायला बसले. वरणाची वाटी उचलली तर हात असा थरथरत होता की वरण मनगटावर सांडलं. आईने बघितलं. काकूनेही बघितलं आणि घाईघाईने म्हणाली, मी न्हाई दिली वो कोनती गोळी.
तिची गोळी बंद होऊन महिना झाला. ही थरथर माझीच होती.